नानांची जीभ, नानांचे कान

अबेतेम
४ फेब्रुवारी

सेरवा,

तुझ्या आईच्या थोरल्या भावाचा हात तुझ्या डोक्यावर आहे असं समज आणि पुढे वाच. पुढे तुझी खरडपट्टी आहे.

तू भेट दिलेला मोबाइल अट्टाच्या ट्रोट्रो गाडीतून परत पाठवतो आहे. केळीच्या पानात गुंडाळला आहे, कारण त्याच पिशवीत अंडी आहेत. अंडी तुझी, फोन त्या दुकानदाराचा. माणसाने माणसाशी बोलावं ते समोर उभं राहून, खांद्यावरचं वस्त्र सावरून, डोळ्याला डोळा भिडवून. ते जमत नसेल तर पत्र लिहावं. ज्या ज्या लोकांनी वाणीला मान दिला त्यांचे ग्रंथ मी वाचले आहेत. ग्रीकांचा एक वक्ता तोंडात गोटे धरून समुद्रापुढे भाषणं करायचा. तरुणपणी मीही बोसुमट्वी तळ्याकाठी तो प्रयोग केला, एक गोटा गिळला आणि तरी भाषण पूर्ण केलं. तो ग्रीक फोनवर बोलायचा असं मात्र कुठल्याही ग्रंथात मला आढळलं नाही.

शहरात राहून तू विसरली असशील म्हणून सांगतो, तुझा मामा कोण आहे. राजा प्रजेशी थेट बोलत नाही आणि प्रजा राजाशी थेट बोलत नाही. फिर्यादी माझ्याकडे तोंड करून गाऱ्हाणं सांगतो, मी ते नानांच्या कानी घालतो. नाना हाताआडून माझ्या कानात कुजबुजतात, आणि मी ते भर दरबारात गर्जून सांगतो. मी आपले राजे नाना आदू बिम्पे यांचा ओक्येआमे आहे, त्यांची जीभ आहे. मुठीवर हत्ती कोरलेली काठी माझ्या हातात आहे तोवर अबेतेममध्ये नानांचा शब्द म्हणजे माझा आवाज.

आणि काय शब्द आहेत. गेली चार वर्षं नानांचा न्याय असा बहरला आहे की शेजारच्या गावचे लोक मुद्दाम भांडणं घेऊन येतात. परवा दोन बायका आल्या. एकीच्या शेळीने दुसरीचा कसावा खाल्ला होता. निकाल असा की शेळीचं पुढचं पिल्लू कसावावालीचं, पण त्याचं नाव शेळीवालीने ठेवायचं. दोघी गळ्यात गळा घालून गेल्या. लोक म्हणाले, नानांच्या डोक्यात देव बसला आहे.

आता कामाचं. नानांची नात डुफिए चार वर्षांची झाली आणि अजून बोलत नाही. आजी म्हणते हट्टी आहे. टीचर डोन्कोर म्हणतो मंद आहे. डोन्कोर म्हणजे तो निवृत्त मास्तर, ज्याचा माझ्या काठीवर डोळा आहे आणि जो गावभर सांगत फिरतो की बोआहेन हल्ली नमस्काराला उशिरा उत्तर देतो. मी विचार करून उत्तर देतो, हे त्याला कसं कळावं. तू तिथे कुमासीच्या दवाखान्यात बहिऱ्या मुलांचे कान तपासतेस, त्यांना बोलायला शिकवतेस. या पोरीला बघशील का, असं नाना विचारतात. म्हणजे विचारत असावेत. त्यांचा चेहरा तसा होता.

तुझा मामा,
बोआहेन

•

कुमासी
११ फेब्रुवारी

मामा,

वाकून नमस्कार आणि अंड्यांबद्दल आभार. एक फुटलं आणि फोनमध्ये गेलं, त्यामुळे दुकानदाराचा प्रश्न मिटला.

फोन तुमच्याकडे होता तेवढ्यात मी तीनदा केला होता. तिन्ही वेळा तुम्ही "अबेतेममध्ये सर्व कुशल आहे" असं दणक्यात सांगून ठेवून दिलात. पहिल्यांदा मी आईच्या गुडघ्याचं विचारलं होतं. दुसऱ्यांदा तुम्ही जेवलात का, असं विचारलं होतं. तिसऱ्यांदा मी काहीच विचारलं नव्हतं, नुसती शिंकले होते.

डुफिएला नक्की आणा. पोर बोलत नाही म्हटलं की आम्ही आधी तिला ऐकू येतं का ते बघतो. जे कानात कधी शिरलंच नाही ते तोंडातून कसं निघणार? हट्टी आणि मंद हे शब्द तोवर कुलपात ठेवायला टीचर डोन्कोरना सांगा.

आणि मामा, सहज विचारते. सकाळी कोंबड्यांनी तुम्हाला जाग येते का? पत्र्यावर पाऊस पडला तर घरात बसून कळतो का? आफुआमामी मागून हाक मारते तेव्हा तुम्ही वळता का? अट्टा सांगत होता की त्याने गाडीचा भोंगा वाजवला, तरी तुम्ही रस्त्याच्या मधोमध काठी टेकत चालत राहिलात, आणि त्याची गाडी बाजारापर्यंत तुमच्या मागून मिरवणुकीसारखी आली.

तुम्ही स्वतःच डुफिएला घेऊन या. तिचं होईस्तोवर नुसतं बसून कंटाळाल, तर तुमचेही कान बघून टाकू.

सेरवा

•

अबेतेम
१९ फेब्रुवारी

सेरवा,

हात तुझ्या डोक्यावरच आहे, पण आज जरा जड आहे.

तू कोंबड्यांचं विचारलंस म्हणून सांगतो. अबेतेमचे कोंबडे हल्ली आरवत नाहीत. माझ्या लहानपणी कोंबडा म्हणजे कोंबडा होता, आरवला की तीन टेकड्यांपलीकडे माणूस उठून बसायचा. आजचे कोंबडे पहाटे कुंपणावर चढतात, मान ताणतात, चोच उघडतात आणि काहीही न बोलता खाली उतरतात. मी स्वतः डोळ्यांनी पाहिलं आहे. कोंबड्यांची ही गत, तर माणसांकडून काय अपेक्षा करायची? सगळी पिढीच पुटपुटी निघाली आहे. ओठ हलतात, आवाज नाही. ज्या लोकांनी घशाच्या जोरावर राज्यं उभी केली त्यांची नातवंडं नाकात बोलतात. मी यावर दरबारात एक भाषणही केलं. लोक ऐकून थक्क झाले.

पाऊसही पूर्वीसारखा राहिलेला नाही. आफुआ मला हाकच मारत नाही, कारण आमच्यात भांडण होत नाही. चार वर्षं झाली, माझ्या बायकोने मला एक वावगा शब्द बोललेलं मला आठवत नाही. असं घर कुमासीत दाखव.

गुरुवारी डुफिएला आणतो. माझे कान बघायची तुला हौसच असेल तर बघ. तुझ्या आईने तुला शिकवलं, त्याचं सार्थक झालेलं मीही बघेन.

बोआहेन

•

कुमासी
३ मार्च

मामा,

तुम्ही इतक्या घाईने निघून गेलात की समोर बोलायचं राहिलं. समोर बोलून उपयोग झाला असता का, हा वेगळा प्रश्न आहे.

आधी डुफिए. ती मंद नाही. दोन्ही कानांनी तिला फार कमी ऐकू येतं, जन्मापासून. तिला यंत्रं बसवली आहेत. ती काढून शेळीला खायला घालू नये, एवढं तिच्या आजीला सांगा. हट्टीपणाचं निदान मात्र बरोबर होतं.

आता तुम्ही. आवाज न शिरणाऱ्या खोलीत मी तुम्हाला बसवलं, कानांवर टोप चढवला आणि सांगितलं की बारीक आवाज आला की हात वर करा. मी काचेपलीकडे होते. तुम्ही बरोबर हात वर करत गेलात. मी थक्क झाले, इतके तीक्ष्ण कान मी पाहिले नव्हते. मग लक्षात आलं की तुम्ही माझ्या खांद्याकडे टक लावून बघता आहात. बटण दाबताना माझा उजवा खांदा हलतो. इतक्या वर्षांच्या नोकरीत हे मला पहिल्यांदा तुमच्यामुळे कळलं.

मी पाठ फिरवली. तरी तुमचा हात वर जातच राहिला, अगदी संथ, आशीर्वाद दिल्यासारखा. शेवटी मी यंत्राची वायर काढून हातात धरली. तरीही तुम्हाला आवाज येतच होते, आणि बाहेर येऊन तुम्ही म्हणालात, "तो शेवटचा फार गोड होता."

डुफिए हे सगळं बघत होती. तिचा खेळ असा होता की ढोल वाजला की एक मणी डब्यात टाकायचा. तुमचं बघून तिने ढोल नसतानाच मणी टाकायला आणि माझ्याकडे दरबारी नजरेने बघायला सुरुवात केली. दिवसभर मी दोन लबाडांशी झुंजत होते आणि त्यातली एक चार वर्षांची होती.

मग मी तुमची चाचणी खांदा झाकून पुन्हा घेतली. समोरच्या माणसाचे ओठ तुम्ही उत्तम वाचता, ते मी मान्य करते. पण ओठ दिसले नाहीत तर तुम्हाला जवळपास काहीही ऐकू येत नाही. कुजबुज तर नाहीच.

आणि नाना तुमच्या कानात हाताआडून कुजबुजतात.

मामा, शेळीच्या पिल्लाचा निकाल कुणाचा होता?

तुमच्यासाठी कानामागे बसणारी यंत्रं अट्टाकडे दिली आहेत. अंड्यांच्या पिशवीत ठेवू नका.

सेरवा

•

अबेतेम
६ एप्रिल

सेरवा,

महिनाभर उत्तर दिलं नाही, कारण तुझा प्रश्न वाणीच्या तत्त्वाचा आहे आणि तत्त्वाला वेळ द्यावा लागतो.

ओक्येआमे म्हणजे नळी नव्हे, की वरून पाणी ओतलं आणि खालून तेच पडलं. नळी हवी असेल तर बाजारात मिळते, तिला काठी द्यायची गरज नाही. नाना एक उघडं वाक्य देतात. मी त्याला वस्त्र नेसवतो, दागिने घालतो, चालायला शिकवतो आणि मग लोकांपुढे आणतो. जगातल्या प्रत्येक मोठ्या राज्यात हे काम करणारे लोक होते आणि जिथे ते राहिले नाहीत तिथे राज्यं बुडाली. आता, वस्त्र नेसवताना आत कोण आहे हे प्रत्येक वेळी बघितलंच पाहिजे असा नियम मला कुठे सापडला नाही.

शिवाय नानांना भुवया आहेत. त्या मी तीस वर्षं वाचतो आहे. डावी वर गेली तर प्रतिवादी खोटा. दोन्ही वर गेल्या तर दोघेही खोटे. शेळीच्या वेळी दोन्ही खाली होत्या, त्यावरून पिल्लू निघालं. आणि निकाल जाहीर झाला की नाना दर वेळी मान डोलावतात. आजवर एकदाही त्यांनी मान हलवून नाही म्हटलेलं नाही. मी चुकत असतो तर म्हणाले नसते का?

हे झालं तत्त्व. आता एक क्षुल्लक गोष्ट. डोन्कोरने वडीलधाऱ्यांच्या सभेपुढे अर्ज ठेवला आहे. त्याचं म्हणणं, ओक्येआमेला ऐकू येत नाही, तो मनाचं सांगतो. येत्या अक्वासिदाए सणाच्या रविवारी, सगळ्या गावासमोर, परीक्षा व्हावी. एक प्रश्न विचारला जाईल. नाना आपलं उत्तर आधी राजमातेच्या कानात सांगतील आणि मग माझ्या. मी जाहीर करेन. राजमाता सांगेल की जुळलं की नाही. जुळलं नाही तर काठी डोन्कोरकडे जाईल.

डोन्कोरकडे, सेरवा. ज्याने आयुष्यभर फळ्याकडे तोंड करून भाषण केलं त्याच्याकडे. माझ्या मामाने ही काठी धरली होती, त्याच्या मामाने धरली होती. मी मेल्यावर ती कुणाकडेही जाऊ दे, पण मी जिवंत असताना रिकाम्या हाताने दरबाराच्या अंगणात बसायचं, तर मी बोसुमट्वीतले उरलेले गोटे गिळायला जाईन.

जाता जाता. माझ्या ओळखीच्या एका माणसाकडे तू पाठवलीस तसली यंत्रं आहेत. त्याने ती रुमालात बांधून पेटीत ठेवली होती. एकदा सहज लावून बघितली तर कानात शिट्टी वाजली आणि आफुआने, म्हणजे त्याच्या बायकोने, चुलीवर किटली आहे समजून धाव घेतली. असं का होतं, हे तो विचारतो.

बोआहेन

•

कुमासी
१० एप्रिल

मामा,

तुमच्या ओळखीच्या त्या माणसाला माझा नमस्कार सांगा.

शिट्टी वाजते कारण कानातला तुकडा नीट बसलेला नाही. त्याला सांगा, आरशासमोर उभं राहून, घाई न करता बसवायचा. पहिले काही दिवस घरातच लावायची, थोडा थोडा वेळ. सुरुवातीला सगळंच मोठं आणि कर्कश वाटेल. भांडी, चपला, स्वतःचं चावणं. इतकी वर्षं कान घरी बसले होते, ते कामावर जायला कुरकुरणारच. त्याने यंत्र फेकून देऊ नये आणि त्यावर भाषणही करू नये.

नुसतं लावून भागत नाही, ऐकायची सवय करावी लागते. डुफिएला मी जो अभ्यास दिला आहे तोच त्यानेही करावा, तिच्याबरोबरच. चित्रं पाठवते आहे. तो माणूस शेळीसारखा आवाज काढेल, डुफिएने शेळीचं चित्र उचलायचं. मग साप, गाडी, ढोल, बाळ. नंतर डुफिएने आवाज काढायचा आणि त्या माणसाने पाठ फिरवून ओळखायचं. पाठ फिरवून. तिला खांदे नीट हलवता येतात हे मला माहीत आहे.

माणूस प्रतिष्ठित असेल तर त्याला हे कमीपणाचं वाटेल. त्याला सांगा, रविवारी गावासमोर गप्प उभं राहण्यापेक्षा मंगळवारी परसात बें बें केलेलं बरं.

आणि एक गोष्ट मला खुपते आहे. नाना दर वेळी मान डोलावतात म्हणता. प्रत्येक निकालाला? चार वर्षांत एकदाही वेगळं काही नाही?

सेरवा

•

अबेतेम
२४ एप्रिल

सेरवा,

मी हात तुझ्या डोक्यावर ठेवत नाही, दोन्ही हात माझ्या स्वतःच्या डोक्यावर आहेत.

ओळखीच्या माणसाचं नाटक आता पुरे. यंत्रं मी लावली. पहिल्याच दिवशी कळलं की आफुआ बोलते. सेरवा, ती दिवसभर बोलते. भात ढवळताना, लाकडं फोडताना, माझं वस्त्र धुताना, सतत, आणि सगळं माझ्याविषयी. "आला बघा हत्ती, बसला बघा हत्ती, आता याला सूप हवं." चार वर्षं या घरात नांदलेली शांतता ही फक्त माझ्या कानांत होती. मी म्हणालो, "आफुआ, मला ऐकू येतं आहे." ती म्हणाली, "मग आता मी काय करू? मला तर याची सवय लागली." तेव्हापासून ती अतिशय सभ्य बोलते आणि दोघांनाही घरात करमत नाही.

कोंबडे आरवतात. मी त्यांच्याविषयी जे लिहिलं ते मागे घेतो. फार आरवतात.

डुफिएचा अभ्यासही केला. राजवाड्याच्या मागच्या अंगणात मी पाठ फिरवून बसलो होतो आणि ती माझ्यामागे बें करत होती. मग माझी पाळी आली. मी शेळी काढली. वाणीचं काम अर्धवट करायची मला सवय नाही, त्यामुळे ती शेळी अशी निघाली की पलीकडून खरी तीन जनावरं उत्तर देत आली. डोन्कोर तेव्हाच कुंपणापलीकडून जात होता. आता गावात बोलवा आहे की ओक्येआमेच्या अंगात शेळी आली.

हे सगळं मी हसून सोडलं असतं. पण काल दरबार होता.

कोफी अन्टवी आणि त्याचा मेहुणा कोकोच्या बागेच्या बांधावरून भांडत आले. दोघांच्या हातात कोयते होते. दोघांचं ऐकून मी नानांच्या कानी घातलं. नानांनी मान डोलावली, हात तोंडापुढे धरला आणि माझ्या कानाशी आले. चार वर्षांनी मी प्रथमच माझ्या राजाचा शब्द ऐकणार होतो. माझ्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

नाना म्हणाले, "आज सूपात धुरावलेला मासा आहे का?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांच्या दोन्ही भुवया वर होत्या. मला वाटलं, यात काही खोल अर्थ असेल. मी बांधाची गोष्ट पुन्हा सांगितली, अधिक मोठ्याने. त्यांनी पुन्हा मान डोलावली आणि म्हणाले, "नसेल तर सांगून ठेव. खेकडा नको."

दोन माणसं कोयते घेऊन उभी होती आणि राज्याचा शब्द मासा असा होता. मी काठी आपटली आणि जाहीर केलं, "नाना म्हणतात, एका भांड्यातून जेवा आणि मग बांधावर जा." दोघांनी कोयते ठेवले. नानांनी मान डोलावली.

दरबार संपल्यावर मी नानांच्या पाठीमागे डुफिएचा डबा वाजवला. नाना हलले नाहीत. मी जोरात वाजवला. पहारेकरी आले, नाना नाही. सेरवा, नानांना काहीही ऐकू येत नाही. गेली कित्येक वर्षं मी न ऐकलेलं सांगत होतो आणि ते न ऐकलेल्याला मान डोलावत होते. आणि हे कुणाला कळणार? आपल्या राज्यात जे काही राजापर्यंत जायचं ते मी सांगतो, जे काही राजाकडून यायचं तेही मीच सांगतो, आणि राजाला "ऐकू आलं का?" असं विचारायची कुणाला मुभा नाही.

आता रविवारचं बघ. प्रश्न विचारला जाईल, नाना राजमातेच्या कानात मासा म्हणतील, मग माझ्या कानात मासा म्हणतील. मी मासा जाहीर केला तर काठी माझी राहील आणि माझ्या राजाचं हसं होईल. मी दुसरं काही जाहीर केलं तर नानांची लाज झाकली जाईल आणि काठी डोन्कोरची. मी कान मिळवले ते यासाठी का?

ये. पत्र नको, तूच ये.

बोआहेन

•

कुमासी
३ मे, शनिवार

मामा,

आज सकाळी दवाखान्यात मुलं येणार होती, म्हणून काल अट्टाच्या शेवटच्या गाडीने निघावं लागलं. हे पत्र त्याच्याच हाती, रविवारच्या आत पोचावं म्हणून. काल जे झालं त्यावर मला चार शब्द बोलायचे आहेत आणि काल तुम्ही मला बोलू दिलं नाहीत.

राजाशी थेट बोलता येत नाही, म्हणून चाचणी तुमच्यामार्फत झाली. ठीक आहे. मी म्हणाले, "आवाज आला की बोट उचला." एवढंच. तुम्ही वस्त्र सावरलंत, काठी टेकलीत आणि सुरू केलंत, "हे ज्याच्या सावलीत सात गावं झोपतात त्या महावृक्षा, शहरातून आलेली ही लेक तुझ्या चरणी विनंती करते," आणि पुढे त्यांच्या पणजोबांनी लढलेल्या दोन लढाया. शेवटी ‘बोट’ हा शब्द आला तेव्हा माझा चहा गार झाला होता. बरं, नानांना ऐकू येत नाही म्हणून हे सगळं तुम्ही ओरडून सांगत होता. तुमच्या ओरडण्यात चाचणीचा आवाज मलाच ऐकू येईना.

शेवटी मी तुम्हाला बाहेर पाठवून राजमातेला खुणा करायला बसवलं आणि नानांच्या कानांत यंत्रं घालून चालू केली, तेवढ्यात तुम्ही आत आलात, "झालं का?" असं गर्जत. नाना दचकले. त्यांचे पहिले शब्द होते, "कोण ओरडतं आहे?"

तो तुम्ही होता, मामा. मला हसू दाबता आलं नाही. राजमातेनेही तोंडात पदर घातला होता.

आता गंभीर. निघताना नानांनी तुमच्या कानात विचारलं, "इतकी वर्षं तू माझ्या नावाने लोकांना काय सांगत होतास?" मी शेजारीच उभी होते. तुम्ही माझ्याकडे वळून जाहीर केलंत, "नाना तुझ्या आईच्या गुडघ्याची चौकशी करतात."

मामा, त्यांनी ते ऐकलं. तुमची सवय तीस वर्षांची आहे, त्यांचे कान एका दिवसाचे, पण यापुढे तुम्ही जे बोलाल ते नानांना ऐकू येणार आहे. त्यांचा चेहरा मी पाहिला. भुवया कुठे होत्या ते मला वाचता येत नाही, पण नाक लाल होतं.

उद्याचा प्रश्न डोन्कोर विचारतील. उत्तर काय असेल मला माहीत नाही. ते काहीही असलं, तुमच्याविरुद्ध असलं, तरी जे ऐकाल तेच सांगा. मी हे भाची म्हणून सांगते आहे, दवाखान्याची बाई म्हणून नाही.

रविवारी मला येता येणार नाही. सगळं लिहून कळवा. अगदी सगळं.

सेरवा

•

अबेतेम
६ मे

सेरवा,

सगळं लिहितो.

रविवारी अंगण भरलं होतं. छत्र्या, ढोल, शिंगं. कानांत यंत्रं घालून अक्वासिदाएचे ढोल ऐकले आणि क्षणभर वाटलं की पूर्वीचं बहिरेपण इतकंही वाईट नव्हतं. नानांनी मुकुटाखाली रेशमी पट्टी बांधून यंत्रं झाकली होती. ढोलाच्या पहिल्या ठोक्याला ते आसनावरून चांगले वीतभर उडाले. लोकांना वाटलं, पूर्वज अंगात आले.

डोन्कोर नवं वस्त्र नेसून पुढे आला. प्रश्न त्याने महिनाभर घोकला असणार. माझ्याकडे तोंड करून म्हणाला, "ओक्येआमे, नानांना विचारा, जी जीभ खोटी निघाली त्या जिभेचं काय करावं?" मागे कुठेतरी डुफिए अभ्यासाच्या आठवणीने बें म्हणाली, तिला आजीने दाबलं.

मी प्रश्न जसाच्या तसा नानांच्या कानी घातला. एक अलंकार नाही. नाना म्हणाले, "हळू. मला ऐकू येतं." मग ते राजमातेच्या कानाशी बराच वेळ बोलले. मग हात तोंडापुढे धरून माझ्या कानाशी आले.

ते म्हणाले, "सांग. चार वर्षं माझ्या जिभेला माझं बोलणं ऐकू येत नव्हतं आणि तिने आपल्या मनाचं सांगितलं. तसं करणं चुकीचं होतं. त्याबद्दल तिने एक मेंढी द्यावी. पण मलाही काही ऐकू येत नव्हतं, आणि मी प्रत्येक वेळी जेवणाचं विचारत होतो, हेही सांग. म्हणजे गावाला जो न्याय आवडला तो या जिभेचाच होता. निकाल मोडायचे नाहीत. काठी कुणाकडे राहावी ते मी नंतर सांगतो, आधी एवढं बोल."

मी वळलो. सेरवा, तुझं पत्र माझ्या वस्त्राच्या घडीत होतं. मी माझा गुन्हा सांगितला, सरळ, मोठ्याने. मेंढी सांगितली. डोन्कोर हसला. निकाल मोडायचे नाहीत हेही सांगितलं. आणि मग मी थांबलो. कारण राहिलेलं वाक्य नानांचं होतं, आणि तीस वर्षं मी ज्या माणसाचं प्रत्येक वाक्य नटवून आणलं त्याला गावासमोर बहिरा आणि खादाड म्हणून उभं करायला माझी जीभ वळेना. मी ते गाळलं. काठी जमिनीला टेकून म्हणालो, "नानांचं बोलणं संपलं."

माझ्या घोट्याला काहीतरी टोचलं. नानांच्या चपलेचं टोक होतं. नाना म्हणाले, "जेवणाचं राहिलं."

मी म्हणालो, "नाना, ते राहू द्या."

ते म्हणाले, "मी ऐकतो आहे, बोआहेन. राहिलं."

मग मी सांगितलं. ऐकू येत नव्हतं ते, मासा, खेकडा, सगळं. मला वाटलं होतं, अंगण हसेल. आधी कुणीच हसलं नाही. मग कोफी अन्टवी उठून म्हणाला, "म्हणजे आमच्या बांधाचा निकाल माशावरून लागला?" त्याचा मेहुणा म्हणाला, "लागला तर लागला. बांध चांगला पडला आहे." मग शेळीवाली हसली, आणि मग अंगणाला आवरणं ढोलांनाही जमेना. राजमातेने हात वर करून सांगितलं की शब्दन् शब्द जुळला. डोन्कोर तरीही म्हणाला, "पण हा खोटा होता हे त्यानेच मान्य केलं आहे." आणि त्याचं म्हणणं खरं होतं.

मी काठी नानांच्या पायाशी ठेवली. मग मोठा घोळ झाला. आरोपी मी होतो, आरोपीचं म्हणणं राजाला सांगणारा मी होतो, आणि राजाचा निकाल आरोपीला सांगणाराही मीच होतो. दुसरा ओक्येआमे गावात नाही. तेव्हा मी डावीकडे जाऊन आरोपीच्या जागी उभा राहिलो आणि रिकाम्या जागेकडे तोंड करून म्हणालो, "ओक्येआमे, नानांना सांगा की बोआहेन कान उशिरा उघडल्याबद्दल क्षमा मागतो. काठीवाचून त्याला जगता येईल की नाही हे त्याला ठाऊक नाही, पण नाना म्हणतील तसं तो करेल."

मग मी उजवीकडे ओक्येआमेच्या जागी आलो, वस्त्र सावरलं, नानांकडे वळलो आणि तेच त्यांना सांगायला तोंड उघडलं.

नानांनी हात वर केला. त्यांनी तोंडापुढे हात धरला नाही, माझ्या कानाशीही आले नाहीत. अख्ख्या अंगणाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "सांगू नकोस. ऐकलं मी. काठी उचल."

असं आपल्याकडे कधी झालेलं नाही. राजा थेट बोलला होता. लोक एकमेकांकडे बघू लागले, कारण जे जाहीर झालं नाही ते ऐकलं असं धरावं की नाही, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. सगळे माझ्याकडे बघत होते. म्हणून मी वाकलो, काठी उचलली, अंगणाकडे वळलो आणि जाहीर केलं:

"नाना म्हणतात, त्यांनी ऐकलं. नाना म्हणतात, काठी उचल."

मेंढी येत्या रविवारी कापणार आहेत. सूपात धुरावलेला मासाही असेल. तू ये, आणि येताना डोन्कोरसाठीही तुझी ती बारीक आवाजांची पेटी आण. मी काठी उचलल्यावर त्याने शेजाऱ्याला विचारलं, "काय म्हणाले?"

तुझा मामा,
ओक्येआमे बोआहेन